मधली वाट

मुलांनो, तुमच्या घरापासून शाळा किती लांब आहे?

या प्रश्नाला दोन उत्तरे असतात. एक उत्तर कावळ्याचे आणि दुसरे तुमचे. कावळा तुमच्या घराच्या छपरावरून उडतो, तो सरळ शाळेतल्या पिंपळावर जाऊन बसतो. तुम्हांला मात्र गल्लीतून, चौकातून, कधी ओढ्यावरच्या पुलावरून वळणे घेत जावे लागते. कावळ्याची वाट नेहमीच जवळची. तुमची वाट तिच्यापेक्षा किती लांब, एवढेच पाहायचे.

हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. आपल्या गावाचा नकाशा घ्या. घराच्या जागी एक टाचणी टोचा आणि शाळेच्या जागी दुसरी. आता दोन्ही टाचण्यांमध्ये एक धागा ताणून धरा. हा झाला कावळ्याचा धागा. मग दुसरा धागा घ्या आणि तो रस्त्यारस्त्याने, वळणावळणाने लावत न्या. हा तुमचा धागा. कावळ्याचा धागा एक वीत भरला आणि तुमचा सव्वा किंवा दीड वीत, तर तुमच्याकडचे रस्ते एकमेकांना चांगले जोडलेले आहेत, असे समजा. तुमचा धागा चार-पाच विती भरला, तर कुठेतरी वाट अडली आहे.

आमची वाट अशीच अडली होती.

मी राहतो ते शहर फार मोठे नाही. पण ते भराभर वाढते आहे. आमची वसाहत आहे तिथे वीस वर्षांपूर्वी ज्वारीची शेते होती. एका शेतकऱ्याने आपले शेत विकले, तिथे दहा इमारती उभ्या राहिल्या. शेजारच्याने विकले, तिथे आणखी बारा. प्रत्येक वसाहतीने मोठ्या रस्त्यापासून आत एक रस्ता काढला. तो रस्ता जिथे शेताचा बांध होता तिथे संपला आणि बांधावर भिंत उभी राहिली. पूर्वी त्या बांधावरून पाऊलवाट होती. बायका डोक्यावर पाटी घेऊन तिच्यावरून जात. भिंत झाली आणि पाऊलवाट गेली.

तुमच्याजवळ कंगवा असेल तर तो समोर ठेवा. कंगव्याची पाठ म्हणजे मोठा रस्ता. प्रत्येक दात म्हणजे एका वसाहतीचा रस्ता. एका दाताच्या टोकावरून शेजारच्या दाताच्या टोकावर मुंगीला जायचे असेल, तर तिने काय करावे? तिला पाठीपर्यंत परत यावे लागते आणि दुसऱ्या दातावरून पुन्हा टोकापर्यंत जावे लागते. दोन टोकांमध्ये अंतर केसाएवढे. पण चाल केवढी! आमच्या शहराचा नवा भाग असा कंगव्यासारखा झाला आहे. जुन्या पेठा मात्र कोळ्याच्या जाळ्यासारख्या आहेत. तिथे एक गल्ली बंद असली तर दुसरीने जाता येते. कंगव्यात तसे जमत नाही. सगळी माणसे, सगळ्या रिक्षा, सगळ्या शाळेच्या गाड्या त्या एकाच पाठीवर येतात आणि सकाळी दहा वाजता तिथे अशी कोंडी होते की विचारू नका.

आमच्या भिंतीपलीकडे दवाखाना आहे. त्याची पाटी आमच्या गच्चीवरून वाचता येते. माझी आई पंच्याहत्तर वर्षांची आहे. तिचे गुडघे दुखतात. दर आठवड्याला तिला दवाखान्यात जावे लागते. भिंत नसती तर ती काठी टेकत एकटी गेली असती. भिंत असल्यामुळे तिला रिक्षा करावी लागते आणि मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावे लागते. जवळचे भाडे म्हणून रिक्षावाला कुरकुर करतो तो वेगळाच. मग आई म्हणते, “जाऊ दे, पुढच्या आठवड्यात जाईन.” पुढच्या आठवड्यातही ती तसेच म्हणते.

मागच्या वर्षी मी सिंगापूरला माझ्या ताईकडे गेलो, तेव्हा हा सगळा विचार माझ्या डोक्यात होता.

सिंगापूर हे एक बेट आहे आणि एक देशही आहे. आपल्या बृहन्मुंबईपेक्षा ते थोडेसेच मोठे आहे. १९६५ साली हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे सुमारे १९ लाख लोक राहत होते. २०२४ साली ती संख्या ६० लाखांच्या घरात गेली. लोक वाढले की शहर पसरते. टिपकागदावर शाईचा थेंब पडला की तो पसरतो ना, तसे. पण या टिपकागदाच्या चारही बाजूंना समुद्र! समुद्रात भर टाकून सिंगापूरने आपली जमीन ५८१ चौरस किलोमीटरांपासून सुमारे ७३५ चौरस किलोमीटरांपर्यंत वाढवली. तरी कितीशी पुरणार? त्यामुळे रस्ता कुठे काढायचा, घर कुठे बांधायचे, झाडी कुठे राखायची, याचा तिथे फार आधीपासून विचार करावा लागला.

ताईचे घर तोआ पायो नावाच्या वस्तीत आहे. ‘तोआ’ म्हणजे मोठी आणि ‘पाया’ म्हणजे दलदल. पहिला शब्द चिनी लोकांच्या बोलीतला, दुसरा मलय भाषेतला. दोन भाषांनी मिळून एका दलदलीचे नाव ठेवले! आता तिथे दलदल नाही. उंच उंच इमारती आहेत. रस्त्यांना ‘लोरोंग एक’, ‘लोरोंग चार’, ‘लोरोंग आठ’ अशी नावे आहेत. लोरोंग म्हणजे गल्ली.

पहिल्याच सकाळी ताईने मला दूध आणायला पाठवले. मी नकाशा पाहिला. दुकान मागच्या बाजूला होते. मी लोरोंगवर आलो, डावीकडे वळलो, मग पुन्हा डावीकडे वळलो, एक मोठा रस्ता ओलांडला आणि पंधरा मिनिटांनी घामाघूम होऊन दुकानात पोहोचलो. तिथे माझी भाची आधीच उभी! ती पाचवीत शिकते. ती माझ्यानंतर घरातून निघाली होती.

“मामा, तू रस्त्याने आलास?” तिने विचारले.

“मग काय आकाशातून येऊ?”

ती हसली. “रस्ता गाड्यांसाठी असतो. आपण मधून यायचं. चल, दाखवते.”

परतताना तिने मला मधली वाट दाखवली. तिथल्या बहुतेक इमारतींना तळमजल्यावर घरेच नाहीत. नुसते खांब आणि मोकळी जागा. आम्ही एका इमारतीच्या खालून घुसलो, ते पलीकडे बागेत निघालो. बागेतून छपराखालची एक पायवाट दुसऱ्या इमारतीखाली जात होती. तिथे दोन आजोबा बुद्धिबळासारखा काहीतरी खेळ मांडून बसले होते. तिसऱ्या इमारतीखाली बालवाडी होती. चौथ्या इमारतीखाली लग्नाची तयारी चालली होती; मोठमोठ्या पातेल्यांमधून मसाल्याचा वास येत होता. पाचवी इमारत ताईची. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे झाली होती!

“या मोकळ्या तळमजल्यावरून कोणीही जाऊ शकतं?” मी विचारले.

“कोणीही. इथे लग्नं होतात. कोणी वारलं तर लोक इथेच बसायला येतात. पाऊस आला तर आम्ही इथेच थांबतो. फक्त चेंडू खेळायला मनाई आहे,” असे म्हणून तिने तोंड वाकडे केले. मनाईची पाटी खरोखरच खांबावर लावलेली होती.

तेव्हा माझ्या लक्षात एक गंमत आली. तोआ पायोच्या आतले कितीतरी रस्ते गाड्यांसाठी कंगव्यासारखे आहेत. वस्तीच्या आत गाड्यांनी भरधाव जाऊ नये, म्हणून ते मुद्दाम तसे केलेले आहेत. चालणाऱ्या माणसासाठी मात्र तीच वस्ती जाळ्यासारखी आहे. गाडीला वळसा आणि पायाला जवळची वाट! आमच्याकडे गाडीलाही वळसा आणि आईलाही वळसा.

सिंगापूरला हे एका दिवसात जमले असे मात्र समजू नका. त्यामागे दोनशे वर्षांची गोष्ट आहे, आणि ती सगळीच काही सुखाची नाही.

१८१९ साली स्टॅम्फर्ड रॅफल्स नावाचा इंग्रज अधिकारी या बेटावर उतरला. तिथे त्याने व्यापाराचे बंदर वसवले. १८२२ साली त्याने गावाची आखणी करण्यासाठी एक समिती नेमली. रस्ते आडवे-उभे, काटकोनात आखायचे ठरले. समितीला त्याने आणखी एक सूचना दिली. दुकानांच्या पुढे ठरावीक रुंदीची पडवी हवी, ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सलग हवी आणि सर्वांना चालण्यासाठी ती नेहमी उघडी हवी. या पडवीला पुढे ‘पाच फुटी वाट’ असे नाव पडले. त्या बेटावर ऊन कडक आणि पाऊस केव्हाही येणारा. पडवीमुळे माणूस न भिजता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागला. मुंबईला फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावर कमानींखालून तुम्ही कधी चालला असाल, तर पाच फुटी वाट कशी असते ते तुम्हांला कळेल.

ही वाट सांभाळणे मात्र सोपे नव्हते. दुकानदारांनी तिथे पोती रचली. न्हावी, शिंपी, फेरीवाले तिथेच बसू लागले. १८८८ साली नगरपालिकेने पडव्या मोकळ्या करायला सुरुवात केली, तेव्हा दुकाने बंद पडली, दगडफेक झाली आणि शहरात दंगल उसळली. पाच फुटांच्या वाटेसाठी दंगल! पण विचार केला तर दुकानदाराचे पोट त्या जागेवर होते आणि चालणाऱ्याचा जीव त्या जागेत होता. दोघांनाही ती हवीच होती.

सिंगापूरचे जुने रस्ते कोणी बांधले, ठाऊक आहे? त्यांत आपल्या देशाच्या माणसांचा मोठा हात होता. १८२५ पासून इंग्रज सरकार हिंदुस्थानातील कैद्यांना तिथे पाठवू लागले. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून कैदी गेले. त्यांनी दलदली बुजवल्या, जंगल तोडले, रस्ते आणि पूल बांधले. तिथले सेंट अँड्र्यूज हे मोठे चर्चही त्यांच्याच हातांनी उभे राहिले. शिक्षा संपल्यावर काहीजण तिथेच राहिले. त्यांची नावे रस्त्यांना नाहीत. पण आजही एका मोठ्या रेल्वे स्थानकाचे नाव आहे ‘धोबी घाट’! तिथल्या ओढ्यावर हिंदुस्थानी धोबी कपडे धूत असत. भाचीने मला ते नाव मुद्दाम दाखवले आणि अर्थ विचारला. तिला वाटत होते, तो मलय शब्द असेल.

पुढे गावाची गर्दी वाढली. दुकानांच्या वर माणसे दाटीवाटीने राहू लागली. एका रांगेतल्या घराची पाठ दुसऱ्या रांगेतल्या घराच्या पाठीला चिकटलेली. मागे दार नाही, खिडकी नाही. घरातली घाणही पुढच्या दारानेच बाहेर न्यायची. रोगराई वाढली. १९०७ साली सिम्प्सन नावाच्या डॉक्टरांनी सगळे पाहून एक अहवाल लिहिला. ते पूर्वी कलकत्त्याला आरोग्य अधिकारी होते. त्यांनी सांगितले, “घरांच्या पाठींमधून गल्ल्या काढा.” मग हळूहळू घरांचे मागचे भाग पाडून मागच्या गल्ल्या काढण्यात आल्या. त्या गल्ल्यांमधून वारा आला, उजेड आला आणि सफाई कामगारही आले.

असेच संकट मुंबईवरही आले होते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि हजारो माणसे दगावली. म्हणून १८९८ साली मुंबईत शहर सुधारण्यासाठी एक खास संस्था स्थापन झाली. तिला लोक ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत. समुद्राचा वारा आत यावा म्हणून तिने दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याकडच्या मोकळ्या जागेत आधी रस्ते आखले आणि मग घरे बांधू दिली. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत जाऊन पाहा. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सहज जाता येते. सिंगापूरलाही १९२७ साली अशीच एक संस्था निघाली आणि तिचे नावही ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’च होते.

पण गरीब माणसांची संख्या घरांपेक्षा फार मोठी होती. शहराच्या कडेला झोपड्यांच्या वस्त्या वाढत गेल्या. लाकडी भिंती, वर झावळ्यांची छपरे, मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी बोळ. २५ मे १९६१ रोजी सणाची सुट्टी होती. बुकित हो स्वी नावाच्या वस्तीला त्या दिवशी दुपारी आग लागली. वारा सुटला होता. आग एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारत गेली. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सोळा हजार माणसांची घरे गेली. ज्या बोळांतून रोज पाणी आणायचे, त्याच बोळांतून पेटी, पोर आणि म्हातारी माणसे घेऊन लोक पळाले. अरुंद वाट काय करू शकते, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६० साली, सरकारने घरे बांधण्यासाठी एक मंडळ स्थापन केले होते. जळालेल्या जागेवर मंडळाने इमारती बांधायला घेतल्या. त्यांतल्या पहिल्या वर्षभरातच उभ्या राहिल्या. मग तोआ पायोची दलदल भरून तिथे नवे गाव वसवले गेले. आज सिंगापूरमधल्या दर दहा माणसांपैकी जवळजवळ आठ माणसे या मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात.

१९७१ साली सगळ्या बेटाचा एक मोठा आराखडा तयार झाला. शहर शाईसारखे वेडेवाकडे पसरू द्यायचे नाही, असे ठरले. बेटाच्या मध्यभागी तलाव आणि जंगल आहे. ते तसेच ठेवायचे आणि त्याच्या भोवती माळेतल्या मण्यांसारखी नवी गावे वसवायची. प्रत्येक गावात शाळा, बाजार, दवाखाना, बाग असावी. आणि माळेचा दोरा म्हणजे रुंद रस्ते व रेल्वे. आपल्याकडे नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली, तेव्हाही काहीसा असाच विचार होता. वाशी, नेरूळ, बेलापूर ही त्या माळेतली गावे.

सिंगापूरची पहिली शहरी रेल्वे ७ नोव्हेंबर १९८७ रोजी धावली. अंतर फक्त सहा किलोमीटर आणि स्थानके पाच. त्यांतले शेवटचे स्थानक तोआ पायो! रेल्वे व्हावी की नुसत्या बसगाड्या वाढवाव्यात, यावर त्याआधी बरीच वर्षे वाद झाला होता. शेवटी रेल्वे झाली. गाड्यांची गर्दी आवरण्यासाठी त्याहीपूर्वी, १९७५ पासून, सकाळच्या वेळी शहराच्या मध्यभागी मोटार न्यायची तर पैसे भरावे लागत. आजही भरावे लागतात. मोटारीही तिथे फार महाग पडतात. एवढे करूनही त्या छोट्या बेटाची सुमारे बारा टक्के जमीन रस्त्यांखालीच आहे!

रेल्वे स्थानकापर्यंत माणसाने चालत जावे, म्हणून २०१३ ते २०१८ या काळात दोनशे किलोमीटरांपेक्षा जास्त लांबीच्या छपराच्या पायवाटा बांधल्या गेल्या. रॅफल्सच्या पडवीची ही नातवंडेच म्हणायची. ताईच्या घरापासून स्थानकापर्यंत मी भर पावसात छत्री न उघडता गेलो. फक्त एका ठिकाणी रस्ता ओलांडताना डोके भिजले.

सगळेच तिथे छान आहे, असे मी म्हणणार नाही. गाड्यांचे काही रस्ते एवढे रुंद आहेत की ते ओलांडायला जिन्याचा पूल चढावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करावे? म्हणून अशा पुलांपैकी काहींना आता लिफ्ट बसवल्या आहेत. शिवाय खाजगी वसाहतींना तिथेही भिंती आणि फाटके आहेत. भाचीची एक मैत्रीण अशाच एका वसाहतीत राहते. तिच्याकडे जाताना मधली वाट चालत नाही. “तिथे मात्र तुझ्यासारखं रस्त्यानेच जावं लागतं,” भाची म्हणाली.

आणि एक मोठी चूक त्यांनी केली होती. ती जंगलाच्या बाबतीत. बेटाच्या मधले जंगल राखले खरे. पण १९८६ साली त्यातून एक मोठा भरधाव रस्ता गेला. जंगलाचे दोन तुकडे झाले. जंगलात खवले मांजर राहते. आपल्या कोकणातही त्याचा एक भाऊबंद आहे. अंगावर खवले, लांब जीभ, मुंग्या खाणारे, रात्री हिंडणारे, फार लाजाळू. त्याला काय कळणार की कालची वाट आज गाड्यांची झाली आहे? भीती वाटली की ते अंगाचे मुटकुळे करून बसते. वाघापुढे ही युक्ती चालेल; मोटारीपुढे कशी चालणार? रस्त्यावर खवले मांजरे मरू लागली.

शेवटी २०१३ साली त्या रस्त्यावर एक पूल बांधून झाला. हा पूल माणसांसाठी नाही आणि गाड्यांसाठीही नाही. तो ६२ मीटर लांब आहे आणि मध्यभागी ५० मीटर रुंद आहे. पुलावर माती टाकली, तिच्यात जंगलातलीच झाडे लावली. दोन्हीकडचे जंगल पुन्हा जोडले गेले. पुलावर कॅमेरे लावले होते. त्यांत रात्री पूल ओलांडणारी खवले मांजरे दिसली!

आम्ही टॅक्सीतून त्या पुलाखालून गेलो. वर पाहिले तर नुसती हिरवी झाडे. भाची खिडकीला नाक लावून बसली होती. “दिसलं का काही?” मी विचारले. “दिवसा नाही दिसत,” ती म्हणाली, “पण ते वर असेल.”

घरी परत आल्यावर मी हे सगळे आईला सांगितले. वसाहतीतली मुलेही ऐकायला जमली. त्यांतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “काका, आपण मोजू या का?” मुलांनी खडू घेतले. आमच्या जिन्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपलीकडून दवाखान्याच्या पायरीपर्यंत पावले मोजली. भिंतीपलीकडची पावले मोजायला दोन मुलींना मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावे लागले, म्हणून जाताजाता त्यांनी त्या वळशाचीही पावले मोजली. सरळ अंतर भरले १४० पावले. वळसा भरला १,९००.

मुलांनी हे आकडे एका कागदावर लिहिले, त्याखाली नकाशा काढला आणि तो कागद दोन्ही वसाहतींच्या बैठकीत ठेवला. बैठकीत बराच वाद झाला. भिंत फोडली तर चोर येतील, असे काहीजण म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मागे एकदा आमच्याकडून सायकली गेल्या होत्या. मोटारसायकली मधून धावू लागतील, असे दुसरे म्हणाले. माझी आई शेवटी उठून उभी राहिली. ती म्हणाली, “मोटारसायकल मावणार नाही एवढंच दार करा. माझी काठी मावली की झालं.”

आता भिंतीत एक लहानशी दिंडी आहे. ती सकाळी सहाला उघडते आणि रात्री नऊला बंद होते. पहिल्या दिवशी आई त्या दिंडीतून गेली, तेव्हा मुले मागून मोठ्याने पावले मोजत होती. तिची पावले लहान, म्हणून आकडा १४० वर थांबला नाही. तो २२३ झाला.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘तोआ पायो’ या नावाचा अर्थ काय?
(आ) ‘पाच फुटी वाट’ कोणाच्या सूचनेवरून सुरू झाली?
(इ) ‘धोबी घाट’ हे नाव कशावरून पडले?

२. कारणे लिहा.
(अ) लेखकाची आई दवाखान्यात जाण्याचे टाळत असे.
(आ) सिंगापूरमध्ये घरांच्या मागे गल्ल्या काढाव्या लागल्या.
(इ) जंगलावरून जाणाऱ्या रस्त्यावर पूल बांधावा लागला.

३. कंगवा आणि जाळे यांची चित्रे काढा. दोन्हींमध्ये एक मुंगी आणि एक साखरेचा दाणा दाखवा. मुंगीची वाट रंगीत पेन्सिलीने काढा.

४. उपक्रम : आपल्या घरापासून जवळच्या विहिरीपर्यंत, दुकानापर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत पावले मोजा. वाटेत भिंत, कुंपण किंवा बंद गल्ली आढळली, तर नकाशात ती जागा दाखवा.